ब्रह्मपुरीची अँड्रोमेडा

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्राँझची एक छोटी गोल चकती आहे. तिच्यावर पर्सियस आणि अँड्रोमेडा ही ग्रीक पुराणातली जोडी उठावात साकारलेली आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या ब्राँझच्या साठ्यातली ही वस्तू. याच टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली.

कथा क्रूर आहे. राणी कॅसिओपियाने सौंदर्याची फुशारकी मारली, जलकन्यांपेक्षाही आपण सरस म्हणून. समुद्रदेव पोसायडन चिडला. त्याने राज्यावर पूर आणि एक सागरी राक्षस सोडला. मुलीचा बळी दिल्याशिवाय सुटका नाही असा कौल मिळाला, तेव्हा बाप सेफियसने अँड्रोमेडाला किनाऱ्यावरच्या खडकाला साखळदंडाने बांधले. आईच्या तोंडाळपणाची शिक्षा लेकीला! मेडुसा या राक्षसिणीला मारून परतणाऱ्या पर्सियसने राक्षसाचा वध करून तिला सोडवले आणि तिच्याशी लग्न केले. पण तिचा वाग्दत्त वर हत्यार घेऊन मंडपात आला आणि तिथेही रक्त सांडले. सोफोक्लिस आणि युरिपिडिस या दोघांनी या कथेवर नाटके लिहिली होती. मराठी आकाशनिरीक्षक तारकासमूहांतले हेच कुटुंब ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि वृषपर्वा या नावांनी ओळखतात.

अशा चकतीसाठी पातळ पत्रा मागून ठोकून आकृती पुढे उठवत आणि ती भांड्यावर किंवा आरशावर शोभेसाठी बसवत. साठ्यातली पोसायडनची मूर्ती मात्र ओतीव आहे. वीतभरही उंच नसलेली ही मूर्ती सगळ्यांत प्रसिद्ध ठरली. ज्या देवाच्या रागापायी अँड्रोमेडा खडकाला बांधली गेली तोच तिच्यासोबत कोल्हापुरात निघावा, हा योगायोगच.

या वस्तू रोमन साम्राज्यातून समुद्रमार्गे आल्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. कल्याणला ग्रीक जहाज लागलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असेही त्यात म्हटले आहे. धंद्यातली चढाओढ तेव्हाही होतीच. भांडी, आरसे आणि मूर्ती घेणाऱ्या इथल्या धनिकांना बहुधा कारागिरीचे मोल होते, कथेचे नव्हे.

संग्रहालय १९४६ मध्ये सुरू झाले आणि १९४९ मध्ये टाउन हॉलच्या जुन्या इमारतीत आले. कोल्हापूरला जाणाऱ्याने अंबाबाईच्या दर्शनानंतर तासभर इथेही काढावा.