रायकर्सची तारीख

न्यूयॉर्कच्या तुरुंगावर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर टोळ्या, चाकू आणि मारकुटे पहारेकरी असणार. रायकर्स आयलंडवर ते सगळं आहेच. मी मात्र अडकलो तो कोर्टातल्या तारखांच्या हिशेबात.

बेटाचा इतिहास थोडक्यात सांगतो. क्वीन्स आणि ब्राँक्सच्या मधे, ईस्ट रिव्हरमध्ये हे बेट आहे. लाग्वार्डिया विमानतळाची धावपट्टी अगदी शेजारी. १८८४ साली शहराने ते विकत घेतलं तेव्हा ते शंभर एकरांचंही नव्हतं. शहरभरचा कचरा आणि राख आणून, कैद्यांनाच राबवून भराव घातला गेला आणि बेट चारशे एकरांच्या वर गेलं. त्या भरावातून अजूनही मिथेन निघतो. १९३० च्या दशकात तुरुंग सुरू झाला. १९६६ साली पूल झाला, तोच एकमेव रस्ता. आजही क्वीन्सहून क्यू १०० नंबरची बस त्या पुलावरून भेटीला जाणाऱ्या आयांना आणि बायकांना घेऊन जाते.

इथले बहुतेक लोक आपल्या भाषेत कच्चे कैदी. गुन्हा शाबीत झालेला नाही, खटला उभा राहिलेला नाही.

केलीफ ब्राउडर हा त्यातलाच एक. मे २०१० मध्ये ब्राँक्समध्ये पोलिसांनी त्याला धरलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आरोप होता पाठीवरची सॅक चोरल्याचा. जामीन ठरला ३,००० डॉलर. घरच्यांना ते जमले नाहीत. आधीच्या एका प्रकरणात तो देखरेखीखाली असल्यामुळे पुढे जामीनच नाकारला गेला.

आता तो हिशेब. गंभीर गुन्ह्यात सरकारी पक्षाने साधारण सहा महिन्यांत खटल्याला तयार व्हावं, असा न्यूयॉर्क राज्याचा नियम. ऐकायला कडक वाटतो. पण हे दिवस कॅलेंडरवर मोजले जात नसत. सरकारी वकील उभा राहून म्हणे, ‘आम्ही तयार नाही, एक आठवडा द्या.’ कोर्टात गर्दी, म्हणून पुढची तारीख पडे सहा आठवड्यांनी. सरकारच्या खात्यावर मात्र मागितलेला तेवढा एकच आठवडा चढे. उरलेले पाच कोणाच्याच नावावर नाहीत. पोरगा ते कोठडीत काढी. यात कोणी लाच खाल्ली नाही, कोणी कायदा मोडला नाही. म्हणूनच मला या यंत्राची जास्त धास्ती वाटते.

मधल्या काळात गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी करू, असं त्याला सांगून झालं. शेवटी तर किरकोळ गुन्हे कबूल केलेस तर आजच घरी जा, इथवर मजल गेली. त्याने नकार दिला. तीन वर्षांपैकी जवळपास दोन वर्षं तो एकांतकोठडीत होता. २०१३ मध्ये फिर्यादीच सापडेना, तेव्हा आरोप मागे घेतले गेले. पहारेकरी आणि इतर कैदी त्याला मारत असल्याची तुरुंगातली चित्रफीत २०१५ मध्ये जगाने पाहिली. त्याच वर्षी जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने राहत्या घरी गळफास घेतला.

पहारेकरी अल्पवयीन कैद्यांवर सर्रास बळाचा वापर करतात, असं फेडरल सरकारी वकील प्रीत भरारा यांच्या कार्यालयाने २०१४ मध्येच लिहून ठेवलं होतं. २०१५ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि देखरेखीसाठी निरीक्षक नेमला गेला. सुटून आलेल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ‘रायकर्स बंद करा’ ही चळवळ उभी केली. केलीफचा भाऊ अकीम त्यात पुढे होता. २०१७ मध्ये माजी मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांच्या आयोगाने बेट बंद करण्याचीच शिफारस केली. २०१९ मध्ये नगर परिषदेने चार विभागांत चार नवे, लहान तुरुंग बांधायचं ठरवलं. रायकर्स बंद करण्याची मुदत पुढे कायद्यात आली: ऑगस्ट २०२७.

ती पाळली जाणार नाही. ब्रुकलिनचा नवा तुरुंग २०२९ च्या आधी होत नाही, बाकीचे २०३१-३२ कडे सरकलेत. खर्च ८.७ अब्ज डॉलरवरून १५ अब्जांपलीकडे गेला. मॅनहॅटनच्या चायनाटाउनला दारात तुरुंग नको आणि तुरुंगच नकोत म्हणणाऱ्यांना नवी इमारतही नको. नव्या तुरुंगांत जागा सुमारे ४,१६०, तर कोठड्यांत आज सात हजारांच्या आसपास माणसं.

दरम्यान, २०२१ मध्ये शहराच्या कोठडीत सोळा जण मेले, २०२२ मध्ये एकोणीस. त्या काळात हजारावर पहारेकरी आजारपणाच्या रजेवर असत आणि काही कोठड्यांवर कोणी नसे. तरी त्याच २०२१ साली एका कैद्यामागे वर्षाला साडेपाच लाख डॉलरहून जास्त खर्च झाल्याचं शहराच्याच लेखापालांनी मांडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश लॉरा टेलर स्वेन यांनी शहराला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं आणि पुढच्या मे महिन्यात कारभाराचे मोठे अधिकार बाहेरच्या अधिकाऱ्याकडे देण्याचा आदेश दिला.

इमारती तयार नाहीत, हे शहराचं म्हणणं खरं आहे. पण सरकारी वकीलही ‘तयार नाही’ एवढंच म्हणत होता. २०२० च्या वसंतात, जामिनाचे नियम सैल झाल्यावर आणि करोनाच्या भीतीने, कैद्यांची हीच संख्या चार हजारांखाली आली होती. तेव्हा एकही नवी भिंत उभी राहिली नव्हती. रायकर्स बंद करायचं, तर सुरुवात ब्रुकलिनच्या बांधकामावर नव्हे, ब्राँक्सच्या कोर्टात तारीख देणाऱ्या टेबलावर करायला हवी.