लेबलला काय विचारता?

अ‍ॅप बनवायला नुकत्याच शिकू लागलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. तिच्या स्टॉपवॉचला एकच बटण. दाबलं की लेबलवरचं ‘स्टार्ट’ जाऊन ‘स्टॉप’ यावं, पुन्हा दाबलं की उलट. इंग्रजीत सगळं सुरळीत चाललं होतं. हौसेनं मराठी भाषांतर जोडलं आणि बटण ढिम्म!

तिची अट अशी आहे: लेबलवर ‘स्टार्ट’ असेल तर ‘स्टॉप’ दाखव, नाहीतर ‘स्टार्ट’ दाखव. भाषांतरानंतर लेबलवर असतं ‘सुरू करा’. इंग्रजी ‘स्टार्ट’शी ते कधीच जुळणार नाही. म्हणून दरवेळी ‘नाहीतर’ची वाट धरली जाते आणि ‘सुरू करा’ पुसून, ‘स्टार्ट’चं भाषांतर होऊन, पुन्हा ‘सुरू करा’च लिहिलं जातं. घड्याळ चालू आहे की नाही हे प्रोग्राम लेबल वाचून ठरवतो आहे. दादरच्या फलाटावरचा इंडिकेटर बघून मोटरमननं आपली लोकल फास्ट की स्लो ते ठरवावं, तसला प्रकार!

उपाय सोपा आहे. ‘चालू आहे का’ याचं खरं-खोटं एका बूलियन व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. बटणानं फक्त ते उलटवायचं. लेबलनं त्याच्याकडे बघून मजकूर दाखवायचा, मग भाषा कोणतीही असो. अ‍ॅपलच्या स्विफ्ट या भाषेत तर 2018 पासून (आवृत्ती 4.2) या उलटवण्यासाठी ‘टॉगल’ अशी आयती सोयच आहे.

‘स्टेट (म्हणजे अशी साठवलेली स्थिती) बदला, स्क्रीन आपोआप बदलेल’ ही घोषणा 2019 मध्ये स्विफ्टमध्ये स्क्रीन रचण्यासाठी स्विफ्टयूआय आलं तेव्हा क्रांती म्हणून गाजली. मला इथे ट्रिग्वे रेन्स्काउग आठवतो. जहाजबांधणीसाठी संगणकप्रणाली रचणारा हा नॉर्वेजियन माणूस 1978-79 मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होता. त्याच्यापुढचं उदाहरण लेबलाएवढं चिमुकलं नव्हतं: मोठा पूल, वीजकेंद्र किंवा समुद्रातला तेल-फलाट बांधण्याचं नियोजन. तीच कामं कुणाला यादीत हवीत, कुणाला गँट तक्त्यात, कुणाला जाळ्याच्या आकृतीत. रेन्स्काउगनं माहिती एका जागी ठेवली आणि ही सगळी तिची नुसती दर्शनं मानली. माहिती म्हणजे मॉडेल, दर्शनं म्हणजे व्ह्यू; या रचनेचं ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ हे नाव 1979 च्या डिसेंबरातलं. पुढे स्मॉलटॉक-80 या भाषेत मॉडेल बदललं की त्यावर अवलंबून असलेल्या व्ह्यूंना वर्दी जायची. स्क्रीन नव्यानं रचण्याचं आजचं तंत्र चलाख आहे, हे मान्य. पण मूळ कल्पनेचं श्रेय जाहिरातवाल्यांना का द्यायचं?

एक गुंता मात्र रेन्स्काउगच्या रचनेनंही सुटत नाही. लेबलवर सध्याची स्थिती लिहायची की दाबल्यावर काय होईल ते? गाण्याच्या अ‍ॅपमधला त्रिकोण ‘दाबलंत तर वाजेल’ असं सांगतो. व्हिडिओ कॉलमधला काट मारलेला माइक ‘आत्ता बंद आहे’ असं सांगतो. एकाच फोनवर दोन्ही रिवाज सुखेनैव नांदतात. विद्यार्थिनीला माझा सल्ला असा: बटणावर ‘थांबवा’ असं क्रियापदच लिही आणि घड्याळ चालू आहे हे पळत्या आकड्यांना सांगू दे.