आपल्या मातीतील द्राक्षे आणि लहान कुटुंबाची वायनरी

पवित्र मिस्साच्या वेळी वेदीवर भाकरीसोबत द्राक्षारस अर्पण केला जातो. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीच्या परिसरात सोयाबीन, तूर आणि कापूस ही शेतकऱ्यांची नित्याची पिके. द्राक्षाचा मांडव तेथे सहसा दृष्टीस पडत नाही. त्यामुळे आपल्या राज्यातील देशी वाणाच्या द्राक्षांपासून एखादे लहान कुटुंब तांबडी वाईन तयार करू शकते काय, असा प्रश्न भाविकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर येथे थोडक्यात पाहू.

प्रथम 'देशी' या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. द्राक्षवेल मुळात आपल्याकडे बाहेरून आली. परंतु ती काल आलेली नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेला प्रवासी इब्न बतूता याने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद केली आहे. युरोपात थंडीत वेल झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून आपला बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहराची छाटणी. वाणांच्या बाबतीतही आपल्या शेतकऱ्यांनी मोठे काम केले आहे. तासगाव भागातील वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' हा वाण निवडला, तर सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' हे वाण पुढे आणले.

मग याच द्राक्षांची तांबडी वाईन का होत नाही? कारण हे वाण खाण्यासाठी निवडलेले आहेत. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरटच असतो. वाईनचा तांबडा रंग आणि तुरटपणा सालीतून व बियांतून येतो. खाण्याचा मणी मोठा, पातळ सालीचा व बिनबियांचा असावा, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. वाईनसाठी मात्र लहान, जाड सालीचा मणी लागतो. म्हणूनच नाशिकच्या वायनरींनी शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों यांसारख्या युरोपीय वाणांची लागवड केली.

तरीही देशी म्हणता येतील असे दोन पर्याय आहेत. पहिला 'बंगळूर ब्लू'. मूळ अमेरिकी वंशाचा हा काळा वाण कर्नाटकात दीर्घकाळ रुजलेला असून गोव्यातील गोड 'पोर्ट' वाईन बहुधा त्याचीच असते. दुसरा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा 'एआरआय-५१६'. अमेरिकी 'कॅटावबा' आणि 'ब्युटी सीडलेस' यांच्या संकरातून तो निर्माण झाला. तो बुरशीजन्य रोगांना दाद देत नाही, ११० ते १२० दिवसांत पिकतो आणि रस, जॅम तसेच तांबडी वाईन यांस योग्य आहे, असे संस्थेचे सांगणे आहे. ज्यांचा मोठा खर्च फवारणीवर होतो, अशा लहान बागायतदारांसाठी ही मोलाची गोष्ट ठरू शकते.

वाईन करण्याची रीत तशी साधी आहे. घड चिरडून रस सालींसह टाकीत ठेवतात. यीस्ट रसातील साखर खाऊन तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू करते. वायूमुळे साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. तो दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो, तेव्हाच रंग उतरतो. सुमारे आठवडाभराने साली पिळून काढतात व वाईन मुरत ठेवतात. अवघड भाग पुढेच आहे. आपल्याकडे तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात येते. म्हणून घड रात्री अथवा पहाटे तोडावे लागतात व टाक्या थंड ठेवण्यासाठी अखंड वीज लागते. शिवाय तांबडी वाईन मुरेपर्यंत भांडवल अडकून पडते.

लहान कुटुंबाची कसोटी येथेच लागते. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. पुढे २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. गंगापूर धरणाजवळची 'यॉर्क' ही गुरनानी कुटुंबाची वायनरी या काळातही टिकली व तिच्या तांबड्या वाईनने नाव कमावले. परंतु २०२१ मध्ये तीही 'सुला' या मोठ्या कंपनीकडे गेली. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने दर राज्यात वेगळा परवाना व वेगळा कर असतो. हे ओझे लहान घराला अधिक जड जाते.

याउलट उदाहरण जॉर्जिया देशाचे आहे. तेथे सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या वाईनच्या खुणा मातीच्या भांड्यांत सापडल्या आहेत. आपल्या रांजणासारखी मोठी भांडी जमिनीत पुरून त्यांत गावोगावची कुटुंबे आजही वाईन करतात. या पद्धतीस २०१३ साली युनेस्कोची मान्यता मिळाली. सोव्हिएत काळात मोठ्या कारखान्यांनी मोजकेच वाण ठेवले, तरी अनेक जुने वाण घराघरांच्या परसात जगले. 'सापेरावी' या त्यांच्या वाणाचा गरही तांबडा असतो. वाण टिकतो तो कुटुंब तो जपते म्हणून, आणि शेजारी त्याला ओळखतात म्हणून.

आपल्या धर्मनियमसंहितेचा ९२४ वा नियम सांगतो की, मिस्साचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षवेलीच्या फळाचा आणि न बिघडलेला असावा. जांभूळ, चिकू वा मोहाचे पेय कितीही चांगले असले तरी वेदीवर चालत नाही. म्हणूनच द्राक्षबाग सांभाळणाऱ्या शेतकऱ्याशी आपले नाते केवळ बाजाराचे नाही. सणासमारंभाला ज्या घरी वाईन घेतली जाते, तेथे ती मर्यादेतच असावी, हे वेगळे सांगणे नको. परंतु घेताना बाटलीवरील वाण आणि गाव वाचावे, इतकी विनंती आम्ही अवश्य करू. देशी वाण लावण्याचे धाडस एखाद्या लहान कुटुंबाने केले, तर त्याला विचारून घेणारा ग्राहकही हवा.