रंगमंचीय प्रकाशनियंत्रणाची तारजोडणी : केबल व कनेक्टर यांची निवड

प्रस्तावना :
नाट्यप्रयोगाच्या प्रकाशयोजनेचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच दिवे, रंगछटा आणि दृश्यपरिणाम यांकडे जाते. नियंत्रक व दिवे यांना जोडणारी केबल मात्र उपेक्षित राहते. एकांकिका स्पर्धा असो की दौऱ्यावरील नाटक, दरवेळी नव्या रंगमंचावर नव्याने जोडणी करावी लागते. अशा घाईत माईकची केबलच प्रकाशनियंत्रणासाठी वापरली जाते. तालमीत ती व्यवस्थित चालते आणि ऐन प्रयोगात, नेमक्या अंधाराच्या क्षणी, दिवे लुकलुकू लागतात. असे का घडते व ते कसे टाळावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

डीएमएक्स ५१२ ची कार्यपद्धती :
निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे परस्परांशी जोडता यावीत, या हेतूने अमेरिकेतील यूएसआयटीटी या रंगतंत्रविषयक संस्थेने १९८६ मध्ये डीएमएक्स ५१२ ही प्रणाली तयार केली. १९९० मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि २००४ मध्ये तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या प्रणालीत एका केबलवरून ५१२ चॅनेलची मूल्ये पाठविता येतात. प्रत्येक मूल्य ० ते २५५ या दरम्यान असते. संदेशाचा वेग सेकंदाला २,५०,००० बिट इतका आहे. म्हणजे एका बिटच्या वाट्याला केवळ ४ मायक्रोसेकंद येतात. सर्व ५१२ मूल्ये पाठविली तरी हा संदेश सेकंदाला सुमारे ४४ वेळा नव्याने जातो.

संदेश दोन तारांमधील व्होल्टतेच्या फरकाच्या रूपाने वाहतो. या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने बाहेरील विद्युत गोंगाट दोहोंवर जवळजवळ सारखाच पडतो आणि फरक घेताना तो वजा होतो.

केबलची निवड :
माईकची व डीएमएक्सची केबल बाहेरून सारखीच दिसते. दोहोंत जाळीदार आवरण व पिळलेल्या तारा असतात. परंतु ध्वनिसंदेशाची कंपने सेकंदाला साधारणतः २०,००० च्या आत असतात. डीएमएक्सचा संदेश त्याहून कितीतरी जलद असतो. इतक्या वेगात केबलचा लाक्षणिक संरोध महत्त्वाचा ठरतो. डीएमएक्ससाठी तो १२० ओहम अपेक्षित आहे. माईकच्या केबलचा संरोध बराच कमी व धारिता अधिक असते. परिणामी बिटच्या कडा बोथट होतात आणि संरोध जेथे बदलतो तेथून संदेशाचा काही अंश परावर्तित होऊन पुढच्या बिटमध्ये मिसळतो. अंतर थोडे व दिवे मोजके असतील तर हा दोष लपून राहतो. केबल लांबली किंवा एखादा दिवा वाढला की तो प्रकट होतो. म्हणूनच 'तालमीत चालले' हा पुरावा पुरेसा नाही.

कायमस्वरूपी जोडणीसाठी संगणक जाळ्यातील कॅट-५ प्रकारची केबलही योग्य ठरते. मात्र तिच्यातील एकसंध तार वारंवार गुंडाळल्याने तुटते. दौऱ्यासाठी बहुतारी, लवचीक केबलच घ्यावी.

कनेक्टर व पिनांची रचना :
मानकाने ५ पिनांचा एक्सएलआर कनेक्टर निश्चित केला आहे. पिन १ ला आवरण, २ ला ऋण संदेश व ३ ला धन संदेश जोडतात. ४ व ५ या पिना दुसऱ्या, ऐच्छिक संदेशजोडीसाठी राखून ठेवल्या आहेत. नियंत्रकावर फिमेल, तर दिव्याच्या प्रवेशमार्गावर मेल कनेक्टर असतो. पिन १ कनेक्टरच्या धातूच्या कवचाला जोडू नये. अन्यथा अनपेक्षित भूजोडणी होऊन गोंगाट शिरतो.

स्वस्त दिव्यांवर सर्रास आढळणारा ३ पिनांचा एक्सएलआर मानकाला मान्य नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे. हाच कनेक्टर माईकसाठी वापरला जातो. ध्वनिमिश्रकातून माईकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा दिलेला असू शकतो; डीएमएक्सच्या संदेशमार्गाला मात्र सामान्यतः उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट इतकीच मर्यादा असते. चुकीच्या जागी केबल बसल्यास दिव्यातील परिपथ निकामी होऊ शकतो. शिवाय काही जुन्या ३ पिनी दिव्यांत २ व ३ या पिना उलट जोडलेल्या असतात. त्यांसाठी अदलाबदल करणारा अडॅप्टर लागतो.

मालिका व अंत्यरोध :
केबल नियंत्रकाकडून पहिल्या दिव्याकडे, तेथून दुसऱ्याकडे, अशी एका मालिकेत न्यावी. साध्या वाय-जोडणीने फाटे फोडू नयेत. फाटे हवे असल्यास विलगित स्प्लिटर वापरावा. सामान्यतः एका मालिकेत ३२ पेक्षा अधिक उपकरणे नसावीत. शेवटच्या दिव्याच्या निर्गमावर अंत्यरोध बसवावा. मेल कनेक्टरच्या २ व ३ या पिनांमध्ये १२० ओहमचा रोधक डाखला की तो तयार होतो. टोकाशी पोहोचलेला संदेश त्यात शोषला जातो व परावर्तन थांबते. २००६ च्या आरडीएम मानकानुसार दिवेही याच तारांवरून उत्तर पाठवितात; त्यामुळे अंत्यरोधाचे महत्त्व वाढले आहे.

तयार केबल तपासण्यास मल्टिमीटर पुरेसा आहे. एका टोकाला अंत्यरोध लावून दुसऱ्या टोकाशी २ व ३ या पिनांमध्ये सुमारे १२० ओहम दिसावेत. पिन १ चा इतर पिनांशी वा कवचाशी संपर्क नसावा.

निष्कर्ष :
केबल व कनेक्टर यांवर केलेली काटकसर बहुधा प्रयोगाच्या वेळी महागात पडते. १२० ओहमची केबल, ५ पिनांचा कनेक्टर, सरळ मालिका आणि अंत्यरोध या चार गोष्टी कटाक्षाने पाळल्यास बहुतेक बिघाड टळतात. महाविद्यालयांच्या नाट्यविभागांनी ध्वनीच्या व प्रकाशाच्या केबल स्वतंत्र पेट्यांत, वेगळ्या रंगखुणांसह ठेवाव्यात आणि प्रत्येक प्रयोगापूर्वी त्यांची तपासणी करण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावावी.