साहेबांच्या मुलाला लस, कामवालीच्या लेकराला काढा?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातील एका वस्तीच्या समाजमंदिरात नेहमीप्रमाणे कायदेविषयक सल्ल्यासाठी बसले होते. रेशनकार्ड, पोटगी, जातीचा दाखला असे रोजचेच प्रश्न होते. तेवढ्यात चार घरची धुणीभांडी करणारी एक भगिनी पुढे आली आणि म्हणाली, "वकीलताई, मी कामाला जाते त्या घरच्या बाळाला दरवर्षी मे महिन्यात फ्लूची सुई देतात. माझी पोरगी त्याच वयाची. दर पावसाळ्यात तिची छाती भरते. सरकारी दवाखान्यात विचारलं तर नर्सबाई म्हणाल्या, ही लस आपल्या कार्डात नाही. कार्डात का नाही, ताई?"

त्या दिवशी मी निरुत्तर झाले. पण प्रश्न तिचा एकटीचा नाही, म्हणून तो आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे. तो इन्फ्लुएंझा विषाणूचा आजार आहे. बहुतेक मुले आठवडाभरात बरी होतात हे खरे. पण पाच वर्षांखालच्या काही मुलांत, विशेषतः दमा, हृदयविकार, सिकलसेल किंवा कुपोषण असलेल्या मुलांत, तो न्यूमोनियापर्यंत जातो. आपल्याकडे त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि हिवाळ्याच्या शेवटी तो पुन्हा डोके वर काढतो. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ही लस दरवर्षी द्यावी अशी शिफारस करते. पण ही शिफारस अमलात येते ती खासगी दवाखान्यात. तिथे एका डोसला दीड-दोन हजार रुपये पडतात आणि पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात. धुणीभांडी करणाऱ्या आईने हे पैसे कुठून आणायचे?

कोणी म्हणेल, आजार सगळ्यांनाच होतो, यात जात आणि गरिबी कशाला आणता? त्यांनी इतिहास तपासावा. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ देशात शिरली आणि तिने एक कोटीहून अधिक माणसे गिळली. त्या वेळच्या मुंबईच्या आरोग्य अहवालात मृत्यूंची नोंद समाजवार केलेली आहे. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९ आणि 'खालच्या जातीच्या' म्हणून नोंदलेल्या हिंदूंत ६१.६! म्हणजे साहेबांच्या सातपटीहून अधिक आमची माणसे मेली. विषाणूला जात कळत नव्हती. पण दहा बाय दहाची कोंदट खोली, अर्धपोटी शरीर आणि दारी न येणारा डॉक्टर, हे सर्व जातीनेच वाटून दिलेले होते.

त्या काळी लस नव्हती. आज आहे. ऑगस्ट २००९ मध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, तोही चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली. २०१५ च्या साथीत देशभरात २,९९० मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने गर्भवती स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना मोफत लस देण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल योग्यच होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतली तर तिचे संरक्षण बाळालाही मिळते. पण सहा महिन्यांपुढच्या गरीब बालकाचे काय? ब्रिटनमध्ये २०१३ पासून मुलांना नाकावाटे फ्लूची लस मोफत दिली जाऊ लागली. ती शाळांतूनही मिळते. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र ती नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, ते म्हणजे 'पैसे नाहीत'. हेच उत्तर न्यूमोनियाच्या पीसीव्ही लसीबाबतही दिले जात होते. ती लस कित्येक वर्षे फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना मिळत होती आणि तिचा एक डोस काही हजारांना पडत होता. २०१७ पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि २०२१ मध्ये देशभर मोफत झाली. रोटाव्हायरसची लसही २०१६ पासून अशीच आली. म्हणजे सरकारने मनावर घेतले की 'कार्डात नाही' ते कार्डात येते!

कायदाही हेच सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वैद्यकीय सेवा देण्याची घटनात्मक जबाबदारी राज्याला पैशाची अडचण सांगून झटकता येणार नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी भूमिका मांडली होती की, माता आणि बालकाच्या रक्षणात साऱ्या देशाचे हित आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. लसीलाही हेच तत्त्व लागू होते.

इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ही लस म्हणजे कवचकुंडले नव्हेत. विषाणूशी ती चांगली जुळली त्या वर्षीसुद्धा तिचे संरक्षण साधारण चाळीस ते साठ टक्के असते. दरवर्षी कोट्यवधी मुलांना ती देणे हा मोठा खर्च आहे, हेही मान्य. म्हणून आमची पहिली मागणी सरसकट नाही. सिकलसेल, दमा, हृदयविकार आणि तीव्र कुपोषण असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपासून सुरुवात करा. सिकलसेलचे ओझे विदर्भात आपला समाज आणि आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या वाहत आहेत. तपासणीसाठी २०२३ पासून राष्ट्रीय अभियान आहे, म्हणजे या मुलांच्या नोंदी सरकारदरबारी होतच आहेत. त्यांना एप्रिल-मे महिन्यात, पावसाआधी, अंगणवाडीतच लस देणे अवघड नाही. सक्ती मात्र नको. लस कोणावर लादता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कोविड लसीच्या खटल्यात सांगितलेच आहे. आम्हाला सक्ती नको, संधी हवी.

बंधू-भगिनींनो, तोवर हात बांधून बसू नका. वस्तीतील गर्भवती भगिनींनी सरकारी दवाखान्यात जाऊन फ्लूच्या लसीची मागणी करावी. माहितीच्या अधिकारात विचारा, आपल्या प्रभागात यंदा किती डोस आले आणि ते कोणाला दिले? आजारी लेकराचा श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध सुटले असेल, ओठ निळे पडले असतील किंवा ते गुंगीत असेल, तर काढ्यावर आणि अंगाऱ्यावर वेळ न दवडता थेट मोठे सरकारी रुग्णालय गाठा.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. तो संसर्ग त्यांना झाला आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. आज कोणी जीव द्यावा अशी वेळ नाही. दवाखान्यातली लस तेवढी वस्तीपर्यंत आणायची आहे.

त्या भगिनीला आता मी उत्तर देऊ शकते. कार्डात नाही, कारण तुझी लेक ज्यांच्या डोळ्यांसमोर नाही, ते कार्ड छापतात. ती त्यांच्या डोळ्यांसमोर आणणे हे आपले काम आहे.

जय भीम!