अर्नाळा किल्ल्यावर बोटीने जाताय? आधी तिथी बघा!

पालघर जिल्ह्यात विरारजवळ, भर समुद्रात अर्नाळा किल्ला आहे. मराठ्यांनी तो १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला. आजही तिथे बोटीनेच जावं लागतं. ओहोटीला पाणी मागे सरतं, मग बोट काठाला लागत नाही आणि पाण्यातून चालावं लागतं.

भरती कधी असते?
कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे साधारण ३ वाजता भरती, ९ च्या सुमारास ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. पण हा अंदाज झाला; नेमकी वेळ बोटवाल्यांना विचारा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा जास्त जपा.

बोटीत काय पाळाल?
१३ जानेवारी २०१८ ला डहाणूजवळ सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली. ३ मुलींचा जीव गेला. म्हणून:

• लाइफ जॅकेट अंगात घाला, शेजारी ठेवू नका.
• बोट खचाखच भरली असेल तर पुढच्या फेरीने जा.
• सेल्फीसाठी सगळे एका बाजूला जमू नका. वजन एकीकडे गेलं की बोट कलंडते.