खाल्ल्या मिठाला जागायचं तर...

‘पीके’मधला आमिर खान जिथे उतरला, ते ठिकाण आठवतंय? दर हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षीही तिथेच उतरतात. त्यांच्यासाठी पाणी उरणार का, हा खरा प्रश्न आहे.

सांभर म्हटलं की आपल्याला आधी इडलीच आठवणार! पण जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर याच नावाचं एक तळं आहे. समुद्रापासून दूर, देशाच्या आतल्या भागातलं सर्वांत मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर. २०१४ च्या ‘पीके’मध्ये सुरुवातीला दिसणारं ते उजाड मैदान म्हणजे त्याचाच कोरडा तळ.

पाऊस चांगला झाला की हेच मैदान पाण्याने भरतं. तळं तसं उथळच. उन्हाळ्यात काही सेंटीमीटर, पावसाळ्यानंतर फार तर तीनेक मीटर. पण उथळ आणि खारट आहे म्हणूनच त्यात सूक्ष्म शैवाल वाढतं आणि ते खायला फ्लेमिंगो येतात. शिवडीला आपण ज्यांचे फोटो काढायला धावतो, तेच. शिवाय उत्तर आशियातून थंडी काढायला आलेली बदकं असतात. १९९० मध्ये सांभरला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये, स्थान मिळालं ते या पक्ष्यांमुळेच.

काळा नोव्हेंबर

मग आला २०१९ चा नोव्हेंबर. त्या वर्षी पाऊस छान झाला होता, तळं बऱ्याच वर्षांनी भरलं होतं. आणि काठावर मेलेले पक्षी दिसू लागले. सरकारी आकडा १८ हजारांच्या वर गेला. त्यात थापट्या बदकं होती, शेकाटे होते, उचाट्या होत्या. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान केलं, बॉट्युलिझम.

हा प्रकार भयंकर आहे. याचे जिवाणू चिखलात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. उबदार हवा आणि कुजणारं शरीर मिळालं की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्या मढ्यावरच्या अळ्यांना विषाने काही होत नाही, पण अळ्या खाणारा पक्षी लुळा पडतो. आधी पंख आणि पाय जातात, मग मान. मान वर धरता येत नाही म्हणून पक्षी वीतभर पाण्यात बुडून मरतो. आणि त्याचं मढं पुढच्या पक्ष्याचा घास होतं.

यावर उपाय काय, तर मेलेले पक्षी भराभर उचलणं! सरकारी पथकं आणि गावकरी चिखलात उतरले, मढी गोळा करून पुरली, लुळे पक्षी उपचारांना नेले. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस रोग पुन्हा आला. या वेळी मृत्यू बरेच कमी होते, पण तळ्याचं दुखणं संपलेलं नाही, हे कळलं.

व्हिलन कोण?

मागच्या हिवाळ्यात मी तिथे गेले, तेव्हा डोक्यात सोपं समीकरण होतं : मीठवाले विरुद्ध पक्षी. तळ्यातल्या पाच किलोमीटरच्या दगडी बांधावर उभं राहिलं की ते डळमळतं. एका बाजूला मिठागरं आणि पांढरे ढीग, दुसऱ्या बाजूला मोकळं पाणी. इथे शेकडो वर्षं मीठ पिकतंय, पक्षीही येताहेत. दोघांनाही हवं आहे ते एकच, पावसाळ्यात येणारं पाणी.

तेच आटतंय. मेंढा आणि रूपनगढ या नद्या तळ्याला पाणी आणतात. त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी बंधारे झाले. दुसरीकडे, तळ्यात आणि भोवती बेकायदा बोअरवेल खोदून जमिनीखालचं खारं पाणी उपसलं जातं. वरून पाणी येत नाही, खालून ओढलं जातं. मग तळं टिकणार कसं?

इथेच आपला संबंध येतो. आपल्या लोणारला २०२० मध्ये आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण खूश होऊन फोटो शेअर केले. पण सांभरकडे हा शिक्का १९९० पासून आहे! शिक्क्याने ना बोअर बंद झाल्या, ना नद्यांचं पाणी सुटलं. पाणथळ जागा वाचते ती तिच्यात येणाऱ्या पाण्याचा हिशेब कोणी दरवर्षी मागितला तर. तो आपण मागायचा. तेवढं केलं, तर खाल्ल्या मिठाला जागलो म्हणायचं.

जाणार असाल तर...
* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. फुलेरा जंक्शन जवळ आहे.
* कोरड्या तळावर गाडी घालू नका.
* थव्यांवर ड्रोन उडवू नका.
* लुळा किंवा मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता लगेच वन विभागाला कळवा. एक मढं वेळेत उचललं गेलं, तर पुढचे कितीतरी पक्षी वाचतात.